झिजलेली कुदळ

एकदा एक वृद्ध लोहार होता. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, सामिया लोकांच्या टेकड्यांत त्याची भट्टी होती. डोंगरातल्या दगडापासून लोखंड गाळावे आणि त्याच्या रुंद पात्याच्या कुदळी घडवाव्यात, हा त्याच्या कुळाचा पिढीजात व्यवसाय. त्याच कुदळींवर तिथली नाचणी पिके, आणि लग्न ठरले की वधूच्या घरीही कुदळीच दिल्या जात.

त्याचा एक शिष्य होता. भाता ओढता ओढता तो घणावर आला, आणि आता त्याला स्वतःची भट्टी हवी होती. गुरूची परवानगी मिळेपर्यंत भावी सासरा मुलगी द्यायला तयार नव्हता, त्यामुळे बिचाऱ्याचा जीव टांगणीला लागला होता.

अखेर त्याने जीव ओतून एक कुदळ घडवली. पाते असे की त्यात तोंड पाहावे.

गुरूने ती न्याहाळली. ‘‘सुरेख आहे,’’ म्हणाला आणि शिष्याला घेऊन थेट उतारावरच्या शेतात गेला. तिथे नाब्वीरे नावाची बाई नाचणीतले तण काढत होती. गुरूने नवी कुदळ तिला दिली आणि तिची जुनी मागितली.

‘‘बाबा, थट्टा करता का गरिबाची? अर्धी झिजलीय ती!’’

‘‘म्हणूनच हवी.’’

शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ‘‘माझी कुदळ देऊन हे भंगार घेतलंत? इतकं वाईट आहे का माझं काम?’’

‘‘जरा तिच्याकडे बघ,’’ गुरू म्हणाला.

नव्या कुदळीने नाब्वीरे थोडे खणे, थांबे, मनगट चोळी, पुन्हा खणे.

‘‘आता हे जुनं पातं बघ. डावा कोपरा जास्त झिजलाय. उतारावर ती आडवी उभी राहते, तेव्हा हाच कोपरा आधी मातीत जातो, दगडांचा मारही तोच सोसतो. तुझं पातं दोन्हीकडे सारखं, म्हणून देखणं. पण हा डोंगर सारखा नाही, बाळा. लोखंड मी शिकवलं. पुढचं या झिजेला विचार.’’

शिष्य ते जुने पाते घेऊन भट्टीकडे वळला. त्याने पुन्हा कुदळ घडवली, डावीकडे जाड, दिसायला अगदी ओबडधोबड. ती हाती येताच नाब्वीरे कामाला लागली. शेजारणीशी गप्पा मारत, शेतात घुसलेल्या शेळीला शिव्या देत तिने अख्खा पट्टा साफ केला.

शिष्य आशेने वाट पाहत उभा. शेवटी हिरमुसून म्हणाला, ‘‘बाबा, ती तर काहीच बोलली नाही.’’

म्हातारा खळखळून हसला. ‘‘अरे, हातात कुदळ आहे हेच ती विसरलीय! जा, पेटव तुझी भट्टी. सासऱ्याशी मी बोलतो.’’

शिष्याचे मन आनंदाने भरून आले. तरी तो लगेच निघाला नाही. दुसरा पट्टा सुरू करणाऱ्या नाब्वीरेकडे पाहत बराच वेळ बांधावर उभा राहिला. तिने त्याच्याकडे एकदाही पाहिले नाही, आणि आता त्याला त्याचे काहीच वाटले नाही.