मेलेल्या वाघाची वाट

तेव्हा घाटात मोटार चढत नव्हती आणि रानावर कुठल्या खात्याची पाटी लागली नव्हती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. हुंबरवाडीच्या धनगरवाड्यावर लगमी कोकरे नावाची बाई राहत होती. बाई कसली, तोफच ती! रान तिला स्वतःच्या चुलीसारखं ठाऊक आणि तोंड असं, की तिनं शिवी हासडली की शेजारच्या गोठ्यातली म्हैस पान्हा चोरायची, असं म्हणतात.

तिचा नवरा शिकारी होता. त्याला रानडुकरानं फाडला. लोक हळहळायचे, तर लगमी उलट त्यांनाच झापायची. "घाई केली म्हणून मेला. पोटात गोळी बसलेलं डुक्कर. म्या म्हनलं, बसा, तंबाखू मळा, त्येला आखडू द्या. ऐकलं न्हाई. गेला तसाच जाळीत." असं बोलायची आणि मग पदरानं डोळे पुसायची, तेही कुणाला न लाजता. दिवसकार्य झाल्यावर तिनं नवऱ्याची ठासणीची बंदूक खुंटीवरून काढली, तेल लावून पुसली आणि खांद्यावर टाकली. तेव्हापासून त्या डोंगरात शिकारीला निघणारा कुणीही आधी तिच्या दारात थांबायचा.

कारण माग काढावा तर लगमीनं. पानावरचं रक्त बोटावर घेऊन ती सांगायची, हे फेसाळ लाल आहे, छातीत लागलंय, जवळच पडला असेल. हे काळपट आहे, शेणाचा वास येतोय, पोटात लागलंय, सावकाश जावा. गवताला रक्त किती उंचीवर लागलंय त्यावरून जखम कुठं आहे ते ओळखायची. वाऱ्याच्या उलट तोंडानं चालायची. वाघ-बिबट्या दिसून वानर खोकलं, की पाय उचललेला तसाच ठेवायची. माती चाखून जनावराचं वय सांगायची, असंही म्हणतात. ते मात्र जरा जास्तच झालं, पण सांगणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

तिचा कायदा एकच. रक्त काढलं त्यानं निस्तरावं. जनावर जखमी करून घरी जेवायला गेलेल्या माणसाला ती पुन्हा दारात उभं करायची नाही. का, ते तिला विचारायची सोय नव्हती, पण कारण उघड होतं. जखमी वाघाला सांबर धरवत नाही. मग तो गुरं धरतो. आणि गुरं सांभाळून ठेवली, की माणूस धरतो.

त्या मुलखाचे जहागीरदार होते दाजीसाहेब. माणूस तसा वाईट नव्हता, पण मोठेपणाची भारी हौस. एकदा उन्हाळ्यात त्यांच्याकडं एक बडा पाहुणा आला, मुलीची सोयरीक जुळवायला. पाहुण्यापुढं मिशीला पीळ भरायचा म्हणून दाजीसाहेबांनी वाघाची शिकार ठरवली. लगमीला बोलावणं गेलं. तिनं माग काढला, मचाण कुठं बांधायचं ते दाखवलं, हाकाऱ्यांना जागा नेमून दिल्या. ढोल वाजले, रान उठलं आणि वाघ बरोबर लगमीनं सांगितलेल्या ओहळातून वर आला. दाजीसाहेबांनी बार काढला. वाघ कोसळला, डरकाळी फोडून उठला आणि खालच्या दरीत करवंदीच्या जाळ्यांत शिरला.

"पडला! पडला!" दाजीसाहेब मचाणावरून ओरडले. पाहुण्यानं टाळ्या वाजवल्या.

लगमी खाली वाकून बघत होती. "पडला न्हाई, सरकार. पुढचा उजवा पाय मोडलाय. तीन पावलं खोल हायती आणि चौथं फरफटलंय. आज आखडू द्या त्येला. उद्या सकाळी आपण दोघं आत जाऊ."

"दोघं?" दाजीसाहेब म्हणाले.

"मग? रगत कुणी काढलं?"

दाजीसाहेबांनी त्या दरीकडं पाहिलं. आत वाट नव्हती, उजेड नव्हता, नुसत्या काट्यांच्या जाळ्या. ते पाहुण्याला घेऊन तडक घरी निघून गेले. आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली, तर दाजीसाहेबांच्या वाड्याकडून ढोलताशे वाजत मिरवणूकच आली की! बैलगाडीवर वाघाचं कातडं अंथरलेलं, त्याला हार घातलेला, पुढं कारभारी ओरडतोय, "सरकारांनी वाघ मारला हो!"

लगमी गाडीजवळ गेली. कातड्यावरून तिनं हात फिरवला आणि हातात केसांचा पुंजकाच आला.

"आग्गंबया!" ती म्हणाली. "काल मेलेल्या वाघाला आज कसर लागली व्हय?"

हाकाऱ्यांनी माना खाली घातल्या, पण खांदे हलत होते. ते दिवाणखान्यातल्या भिंतीवरचं कातडं होतं, दाजीसाहेबांच्या वडिलांच्या वेळचं. लगमी काही थांबेना. "आणि मिश्या कुठं जाळल्या? कुणी बघितल्या जाळताना?" त्या भागात रीतच होती तशी. वाघाच्या मिश्या गावासमोर जाळायच्या, त्याशिवाय वाघ मेला म्हणायचं नाही.

झालं! दाजीसाहेबांच्या नाकाला मिरची झोंबली. संध्याकाळच्या आत दवंडी पिटली. सरकारांनी वाघ मारला आहे. जो कुणी वाघ जिता आहे म्हणेल, तो सरकारांना खोटं पाडतो, त्यानं जहागिरीबाहेर चालतं व्हावं. त्या दरीत कुणी रान उठवायचं नाही. धनगरवाड्यावरच्या सगळ्या बंदुका जमा करायच्या. शिपायांनी लगमीच्या खुंटीवरची बंदूक नेली, तेव्हा ती दारात उभी राहून अशी काही बोलली, की ते इथं सांगण्यासारखं नाही. पोरं बसलीत समोर.

आता पंचाईत अशी की, त्या दरीच्या तळाशी एक झरा होता. त्याला उमाळा म्हणायचे. बाकीचे ओढे आटले, की सगळा धनगरवाडा उमाळ्याचं पाणी प्यायचा आणि ते दिवस नेमके आटणीचे. वाघही जखम घेऊन पाण्याजवळच बसला होता. आधी एक कुत्रं खाली गेलं, ते परत आलं नाही. मग एक म्हैस झऱ्याच्या अलीकडं अर्धी खाल्लेली सापडली. घरातल्या घागरी खडखडायला लागल्या.

लगमीची सून रकमी पोटुशी होती, आणि सासूच्या हाताखाली राहून तीही कुणाला भीक घालत नव्हती. तिनं रिकामी घागर उचलून सासूपुढं ठेवली.

"आत्ती, पोरांच्या घशाला कोरड पडलीया. उद्या आमी बायका खाली जाणार. वाघ खाईल तवा खाईल, तहान आत्ताच खातीया."

उभ्या जन्मात लगमीला असं भ्यायला झालं नव्हतं. सून ऐकणार नाही हे तिला ठाऊक होतं, कारण तिच्या जागी ती स्वतः असती तर तिनंही ऐकलं नसतं. तिनं तीच घागर डोक्यावर घेतली आणि तडक जहागीरदारांच्या वाड्याची वाट धरली.

दाजीसाहेब पाहुण्याबरोबर विडा खात बसले होते. लगमीनं घागर मधोमध ठेवली आणि चांगली वाकून मुजरा केला. तिला वाकलेली बघून शिपायांनाच घाम फुटला.

"सरकार, तुमी वाघ मारलासा. आमच्या बायकापोरांवर उपकार झालं. आता आमच्या धनगरवाड्यावरच्या बायका म्हनत्यात, ज्येनं वाट मोकळी केली त्येनंच आधी झऱ्यावर यावं, वंजळभर पाणी प्यावं. मग आमी घागरी भरतो. तेवढा मान द्या आमाला."

दाजीसाहेबांच्या तोंडातला विडा तोंडातच राहिला. पण पाहुणा खूश! "वा! काय सुंदर रीत आहे. चला की दाजीसाहेब, मीही बघायला येतो."

आता काय बोलणार? उठले बिचारे. शिपायांनी बंदुका उचलल्या, तशी लगमीनं भोळं तोंड करून विचारलं, "मेलेल्या वाघाला बंदूक कशाला, दादा?" पाहुणा खो खो हसला. दाजीसाहेबांनी शिपायांना हातानंच काठावर थांबा म्हणून खुणावलं.

दरीच्या काठावर सगळा धनगरवाडा जमला. पाहुण्याला बसायला घोंगडं टाकलं. आणि खाली उतरणाऱ्या वाटेनं दोघंच निघाली. पुढं घागर घेतलेली लगमी, मागं धोतराचा सोगा सावरत दाजीसाहेब. असं म्हणतात की, त्या वेळी रानात एक पाखरू बोललं नाही. झाडंसुद्धा पानं आवरून उभी होती.

निम्म्या वाटेवर एक मोठी धोंड आहे. तिथं ओल्या मातीत लगमीला ठसा दिसला. ती खाली बसली आणि तिनं दाजीसाहेबांनाही हाताला धरून बसवलं. ठशात अजून पाणी झिरपत होतं. म्हणजे जनावर आत्ताच गेलं होतं. त्याच्या पुढं फरफटलेल्या पायाची रेघ आणि ती समोरच्या जाळीत शिरलेली.

"लगमे," दाजीसाहेब कुजबुजले, "परत फिर."

"का वो? मेलाय न्हवं?"

"जिता आहे."

"मला ऐकू येतंय. वर पाव्हणं बसल्यात, त्यास्नी ऐकू जाऊ द्या. बंदूक हवी असंल तर बोला, न्हाई तर चला पाणी प्यायला."

ती खरंच उठली आणि एक पाऊल पुढं गेली. तेव्हा दाजीसाहेबांचं सगळं मोठेपण गळून पडलं. ते मान वर करून ओरडले, "वाघ जिता आहे! मी मारला नाही! खोटं बोललो!" असं म्हणतात की, डोंगरानं ते शब्द धरून ठेवले आणि या कड्यावरून त्या कड्यावर पुन्हापुन्हा म्हणून दाखवले.

काठावरचा एक शिपाई धावत खाली आला आणि बंदूक देऊन आल्या पावली पळाला. दाजीसाहेबांनी ती लगमीच्या हातात कोंबली.

"तू मार. तुझा नेम चांगला."

"नेम चांगलाय माझा. पण रगत तुमी काढलंसा." तिनं बंदूक परत त्यांच्या हातात दिली. "धोंडीवर टेकवा. त्येच्या तोंडाकडं बघू नका, भ्या वाटतंया. त्यो ऐनाच्या झाडाच्या अलीकडं येस्तवर चापाला बोट लावायचं न्हाई. मान छातीत शिरती तिथं मारायचं. म्या हाय म्होरं."

एवढ्यात वारा फिरला. पाठीमागून यायला लागला, म्हणजे माणसाचा वास थेट जाळीत. जनावर सावध झालं तर समोरून न येता बाजूनं येणार. लगमी वाऱ्याकडं वळली आणि त्याला अशी सणसणीत शिवी दिली, की वारा जागच्या जागी थबकला आणि मुकाट्यानं उलटा वाहू लागला. असं म्हणतात. त्या दरीत आजही दुपारचा वारा खालून वर येतो, जाऊन बघा.

मग लगमी उघड्यावर उभी राहिली आणि दगडानं घागर बडवायला लागली. "ये! तुला मारून ठेवलाय त्यांनी कागदोपत्री! ये भाईर!" वानर खोकलं. जाळी हलली. वाघ तीन पायांवर आला, पण असा आला की चौथ्याची त्याला गरजच नसावी. लगमी पळाली नाही. पळालं की वाघाला सावज दिसतं, उभं राहिलं की त्याला कोडं पडतं, हे तिनं किती जणांना शिकवलं होतं. आज ते स्वतःच्या अंगावर आलं. वाघ ऐनाशी आला, ऐन ओलांडला. त्यानं झेप घेतली आणि बार झाला.

वाघ लगमीच्या अंगावरच पडला. तिचा डावा हात त्याच्या जबड्यात होता. काही म्हणतात गोळी बरोबर मानेत लागली. काही म्हणतात दाजीसाहेबांचे डोळे मिटलेले होते आणि वाघ लगमीच्या नजरेनं मेला. मला विचाराल तर गोळीनंच मेला. पण त्या माणसाला तिथवर आणलं कुणी, ते बघा ना!

जबडा उचकटून हात काढला, तो पुढं कधी कामाला आला नाही. रकमी हंबरडा फोडत धावत आली. लगमी तिलाच ओरडली, "हात गेला तर गेला. जीभ हाय न्हवं शाबूत? रडतीस काय, पाणी भर आधी." वाघ वर आणला आणि गावासमोर त्याच्या मिश्या जाळल्या. पेटतं लाकूड धरायला लगमीनं दाजीसाहेबांनाच लावलं. बंदुका ज्याच्या त्याला परत मिळाल्या. सोयरीक जुळली का, ते मला विचारू नका. मला लग्नातलं काही कळत नाही.

लगमी पुढं पुष्कळ जगली आणि शेवटपर्यंत भांडली. तिचं देऊळ नाही, समाधी नाही. पण दर उन्हाळ्यात ओढे आटले, की हुंबरवाडीत त्या साली जो कुणी सगळ्यांत मोठा असेल, पाटील असो, सरपंच असो, तो रिकाम्या हातानं त्या वाटेनं पुढं उतरतो आणि ओंजळभर पाणी पितो. बायका घागरी घेऊन काठावर उभ्या असतात. तो पाणी पिऊन वर बघेपर्यंत एकही पाऊल खाली पडत नाही.

आणि हे नुसतं झऱ्यापुरतं राहिलं नाही. मध्यंतरी ओढ्यावर नवा साकव, म्हणजे छोटा पूल, झाला. फीत कापायला एक पुढारी आले. भाषणात म्हणाले, साकव भक्कम आहे, बिनघोर जा. गावच्या बायका हलल्याच नाहीत. एक म्हातारी पुढं झाली, म्हणाली, "चला की साहेब, आधी तुमी." पुढाऱ्यानं ठेकेदाराकडं बघितलं, ठेकेदारानं आभाळाकडं बघितलं. दोघंही गाडीत बसून गेले. त्या पावसाळ्याआधी साकव उकरून पुन्हा बांधला. मग तेच पुढारी परत आले, आणि या खेपेला कुणी काही म्हणायच्या आत चपला काढून एकटेच पलीकडं चालत गेले.

म्हातारीनं त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "प्या, साहेब," ती म्हणाली. "आता आमी येतो."