पत्ता सांगा, ओव्हर

माझी रेवाताई जाऊन महिना झाला, पण तिचं ते उत्तर आठवलं की अजून अंगावर काटा येतो. ती हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचावर बोलायची; आपलं बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणायचं. या हौशी मंडळींच्या क्लबच्या यादीतला तिचा पत्ता वाचून अनोळखी माणसं दारात यायला लागली, म्हणून नव्या यादीसाठी तिने पत्ता दिला नाही.

क्लबचे अध्यक्ष टिपणीससाहेब रेडिओवरच, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आपल्यात लपवायचं काय? आत्ता पत्ता सांगा, नाहीतर क्लब सोडा. ओव्हर."

ताईने माईकचं बटण दाबलं. "सांगते, साहेब. आधी तुमच्या घराला कुलूप कोणत्या दिवशी असतं ते सांगा. सगळा जिल्हा ऐकतोय. ओव्हर."



"यादीत पत्ते नकोत, फक्त रेडिओवरची नावं छापू," साहेब म्हणाले. "ओव्हर."