शाल्मलीची अडलेली गोष्ट

औषधं डोंगरावरून खुडून आणावी लागत, त्या काळातली ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक वैद्यशाळा होती. लांबलांबच्या गावांतली मुलंमुली तिथे राहून वैद्यकी शिकत. शाळा चालवणाऱ्या वयस्क वैद्यबाईंना सगळे गुरुमाई म्हणत.

तिथे शाल्मली नावाची एक मुलगी शिकत होती. तिला सतत प्रश्न पडत. कडुलिंब एवढा कडू, मग पिकलेली लिंबोळी गोड कशी? आजारी माणूस भिंतीकडे तोंड करून का झोपतो? उत्तर मिळालं तर ती ते लक्षात ठेवी. नाही मिळालं तर त्याची गोष्ट रचे, भूर्जपत्रावर लिहून काढे आणि संध्याकाळी पडवीत सगळ्यांना वाचून दाखवी.

एकदा तिने नवी गोष्ट सुरू केली. प्रतिध्वनी कुठे राहतो, हे शोधायला निघालेल्या एका मुलीची. ती सगळ्यांना इतकी आवडली की जो भेटेल तो विचारी, "पुढे काय झालं गं?" स्वयंपाकघरातल्या काकूसुद्धा वाढता वाढता विचारत.

शाल्मलीने ठरवलं, आता ही गोष्ट पुरी होईपर्यंत दुसरं काही नाही. जेवणाची घंटा झाली तरी ती उठेना. सगळे वनस्पती ओळखायला डोंगरावर जात, ही खोलीत बसून राही. तिची मैत्रीण बकुळा म्हणे, "चल ना, ओढ्यावर जाऊन येऊ." शाल्मली मान वर न करता म्हणे, "गोष्ट संपू दे, मग येते." झोप म्हणजे तर तिला वेळ फुकट घालवणं वाटू लागलं. हळूहळू बकुळाने विचारणंच सोडलं.

पण नवल असं, की ती जितकी जास्त वेळ बसे, तितकी गोष्ट अडून राही. गोष्टीतली मुलगी एका गुहेच्या तोंडाशी पोचली आणि तिथेच उभी राहिली. शाल्मली लिही आणि खोडी, लिही आणि खोडी. तिच्या छातीत धडधडायचं. कुणी दार लोटलं तरी ती दचकायची.

अशातच एका सकाळी तिच्यावर औषध कुटायची पाळी आली. पोट दुखणाऱ्या एका लहान मुलासाठी ओवा हवा होता. शाल्मलीने फळीवरची बरणी काढली, खलात बिया ओतल्या आणि कुटायला लागली. तिचं मन गुहेशीच होतं.

"थांब!" बकुळाने धावत येऊन तिचा हात धरला. "अगं, हे धोतऱ्याचं बी आहे!"

धोतऱ्याचं बी म्हणजे विष. शाल्मलीच्या हातून बत्ता गळून पडला. मूल वाचलं, पण तिचं थरथरणं काही थांबेना. ती खोलीत गेली, सगळी भूर्जपत्रं गुंडाळली आणि तडक गुरुमाईंपुढे जाऊन उभी राहिली.

"गुरुमाई, ही चुलीत घाला. वैद्य व्हायचं तर मला गोष्टी सोडायलाच हव्यात."

गुरुमाईंना सकाळचा प्रकार कळला होता. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आज काय खाल्लंस?"

शाल्मली आठवू लागली. "काल दुपारी पेज घेतली होती… बहुतेक."

"आणि झोप?"

"गोष्ट संपली की झोपणार होते."

"बस इथे. समज, तुझ्याकडे एक रोगी आला. उपाशी, जागरणं झालेला, अंग थरथरतंय. तो म्हणतो, हे सगळं माझ्या उजव्या हातामुळे झालं, तो कापून टाका. काय करशील?"

"आधी जेवू घालीन. झोपवीन. मग नाडी बघीन."

"आणि हात?"

"हात कशाला कापायचा? हात तर चांगला आहे…" बोलता बोलता शाल्मली थांबली आणि हुंदके देऊन रडू लागली. गुरुमाईंनी तिला रडू दिलं.

मग त्या म्हणाल्या, "जाळायचंच असेल तर पौर्णिमेला जाळू. चूल कुठे पळून जात नाही. तोवर ही पानं माझ्याकडे राहू देत. तू जेव, झोप, शिक. आणि मला एक शोधून सांग. तुझ्या आधीच्या गोष्टी तुला सुचल्या कुठे? मला खरंच जाणून घ्यायचंय."

शाल्मली त्या दिवशी गाढ झोपली. उठल्यावर तिने बकुळाला गाठलं. "मी तुला फार टाळलं ना?"

"हो," बकुळा म्हणाली. "मला वाटलं, मी तुला नकोशी झाले."

दोघी ओढ्यावर गेल्या आणि खूप वेळ बोलत बसल्या.

पुढच्या दिवसांत शाल्मली पुन्हा डोंगर चढू लागली. ते पोटदुखीचं मूल आता बरं झालं होतं. एकदा ते रिकाम्या रांजणात तोंड घालून "ओ!" म्हणून ओरडलं आणि दचकून म्हणालं, "ताई, आत कोण बसलंय?" शाल्मलीला खूप दिवसांनी खळखळून हसू आलं. आणि त्याच क्षणी गुहेतला पुढचा प्रसंग तिच्या डोळ्यांपुढे उभा राहिला.

पौर्णिमेला ती गुरुमाईंकडे गेली. "शोधून काढलं. एकही गोष्ट मला खोलीत सुचलेली नाही. कुठली रोग्याच्या बोलण्यातून आली, कुठली डोंगरावर, कुठली बकुळाशी भांडताना."

"मग चूल पेटवू?"

"नको. पण सगळी पानं एकदम देऊ नका. संध्याकाळी कामं झाली की थोडी द्या आणि झोपायच्या आधी परत मागून घ्या. सवय लागेपर्यंत."

"आणि पुन्हा छातीत धडधडलं तर?"

"तर सांगेन. तुम्हाला नाहीतर बकुळाला. लपवणार नाही."

गोष्ट पुरी व्हायला पुष्कळ दिवस लागले. ऐकणारे कुरकुरले, पण थांबले. परीक्षेत शाल्मली पहिली आली नाही, पण चांगली उत्तीर्ण झाली.

पुढे ती एका गावात वैद्य म्हणून राहिली. ती रोग्याला इतके प्रश्न विचारी की लोक हसून म्हणत, "या बाई औषध कमी देतात, गप्पाच जास्त मारतात." पण माणसं बरी होऊन घरी जात. आणि संध्याकाळी तीच माणसं मुलांना घेऊन तिच्या अंगणात गोष्ट ऐकायला येत.

तात्पर्य: आवडीचं काम जिवावर उठल्यासारखं वाटलं, तर ते टाकून द्यायची घाई करू नये. आधी पोटभर जेवावं, पुरेसं झोपावं, जवळच्या माणसाशी बोलावं आणि मगच काय ते ठरवावं.