राईचा फुटाणा आणि आक्कांची बंद गाडी

एक होती मुंगी. तिचं नाव राई. राईएवढीच होती, म्हणून राई.

राईला सापडला एक फुटाणा. गोल गोल, खमंग फुटाणा. सुंद्राआक्कांच्या पोत्यातून पडलेला. सुंद्राआक्का फुटाणे विकायच्या. नव्या कोऱ्या विजेच्या गाडीवरून बाजाराला जायच्या. पण आठ दिवस झाले, गाडी बंद. अंगणात नुसती उभी.

राईच्या घरी नऊ भावंडं होती. नऊच्या नऊ भुकेली. राई फुटाणा ढकलत निघाली. फुटाणा पुढे गडगड गडगड. राई मागे तुरुतुरु तुरुतुरु.

गडगड, गडगड, टप्प. फुटाणा गेला गाडीच्या चाकाखाली. फटीत अडकला. राईने ओढला. निघेना. राईने ढकलला. हलेना.

राई म्हणाली, "चाका चाका, फीर ना. माझा फुटाणा दे ना."

चाक म्हणालं, "मी काय साधं चाक आहे? साधी चाकं ढकलली की फिरतात. बिचारी. मी विजेचं चाक. मोटर गरगरेल, तर मी फिरेन."

राई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. मोटर चाकाच्या पोटातच बसली होती. गोल गोल, जाडजूड.

"मोटरबाई मोटरबाई, गरगर ना.
चाक फिरेना.
माझा फुटाणा मिळेना."

मोटरीने जांभई दिली. "मला ताकद फार. डोकं मात्र नाही. डोकं कंट्रोलरला आहे, असं तोच सांगतो. कंट्रोलर हुकूम देईल, तर मी गरगरेन."

राई निघाली. वायरीवरून तुरुतुरु तुरुतुरु. सीटखाली होता एक काळा डबा. तोच कंट्रोलर. त्याच्यावर खडूने मोठं लिहिलं होतं, 'खराब'.

"कंट्रोलरदादा कंट्रोलरदादा, हुकूम दे ना.
मोटर गरगरेना.
चाक फिरेना.
माझा फुटाणा मिळेना."

कंट्रोलर म्हणाला, "वाचलंस ना? मी खराब. आनंदा मिस्त्रींनी लिहिलंय. झाकण उघडलं नाही, वायर तपासली नाही. लांबूनच कळलं त्यांना. केवढे हुशार."

"मग तू खराब नाहीस?" राईने विचारलं.

"मी ठणठणीत आहे. पण ब्रेक दाबलेला असला, की मी हुकूम देत नाही. तसा नियमच आहे. ब्रेक मागे येईल, तर मी हुकूम देईन."

राई निघाली. वर, वर, हँडलवर. तुरुतुरु तुरुतुरु.

"ब्रेकदादा ब्रेकदादा, मागे ये ना.
कंट्रोलर बोलेना.
मोटर गरगरेना.
चाक फिरेना.
माझा फुटाणा मिळेना."

ब्रेक कण्हत कण्हत म्हणाला, "मला काय हौस आहे दबून बसायची? हा दोरा बघ. कसा करकचून आवळलाय. आठ दिवस श्वास नाही घेतला. दोरा सुटेल, तर मी मागे येईन."

राईने दोरा बघितला. दोऱ्यात ओवलं होतं एक लिंबू. लिंबाखाली सात हिरव्या मिरच्या.

"दोरेभाऊ दोरेभाऊ, सूट ना.
ब्रेक हलेना.
कंट्रोलर बोलेना.
मोटर गरगरेना.
चाक फिरेना.
माझा फुटाणा मिळेना."

दोरा ऐटीत झुलला. "मी सुटू? अगं, गाडी नवी होती. शेजारीण म्हणाली, छान आहे हो. आक्का घाबरल्या. दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी मला बांधलं. कुठे? हाताला येईल तिथे. आता बघ. गाडी चालत नाही. पण दृष्ट लागली का? नाही ना? आक्का सोडतील, तर मी सुटेन."

राई निघाली. हँडलवरून खाली, अंगणातून पायरीवर. तुरुतुरु तुरुतुरु. सुंद्राआक्का पायरीवर बसल्या होत्या. सुपात फुटाणे पाखडत होत्या. फट् फट्, फट् फट्.

"आक्का आक्का, दोरा सोडा ना.
दोरा सुटेना.
ब्रेक हलेना.
कंट्रोलर बोलेना.
मोटर गरगरेना.
चाक फिरेना.
माझा फुटाणा मिळेना."

आक्का म्हणाल्या, "लिंबू सोडू? आणि गाडी बिघडली म्हणजे?"

राईने गाडीकडे बघितलं. मग आक्कांकडे बघितलं. "आक्का, ती बिघडलेलीच आहे."

"म्हणून तर लिंबू हवं," आक्का म्हणाल्या. "नाही गं बाई. मिस्त्री गाडी बघतील, तर मी दोरा सोडेन."

राई निघाली. फार लांब जायला नको होतं. आनंदा मिस्त्री तिथेच होते, गाडीशेजारच्या स्टुलावर. मिस्त्री रोज यायचे. गाडीकडे पाठ करून बसायचे. आक्कांचा चहा प्यायचे. फुर्र फुर्र, फुर्र फुर्र.

"मिस्त्रीकाका मिस्त्रीकाका, गाडी बघा ना.
आक्का सोडेनात.
दोरा सुटेना.
ब्रेक हलेना.
कंट्रोलर बोलेना.
मोटर गरगरेना.
चाक फिरेना.
माझा फुटाणा मिळेना."

मिस्त्री म्हणाले, "बघायचं काय त्यात? कंट्रोलर गेला. नवा कंट्रोलर येईल, तर मी बघेन."

"कुठून येईल?"

"लांबून."

"कधी येईल?"

"येईल तेव्हा."

"काका, पण जुना बिघडला कशावरून?"

"गाडी बंद आहे, यावरून," मिस्त्री म्हणाले. आणि चहा प्यायले. फुर्र फुर्र.

आता विचारायला कुणीच उरलं नाही. आणि घरी नऊ भावंडं भुकेली. राई बसली. राईने विचार केला. एवढासा विचार. मुंगीला तेवढा पुरतो.

समोरच होती मिस्त्रींची चप्पल. चपलेतून बाहेर आला होता अंगठा. गुबगुबीत, निवांत अंगठा. आठ दिवस न हललेला.

राई चढली. तुरुतुरु तुरुतुरु. आणि चावली. कच्च.

मिस्त्री उठले. टुणकन उठले. चहा सांडला. बशी फुटली. मिस्त्री एका पायावर नाचले, टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. तोल गेला. पडता पडता त्यांनी गाडीचं हँडल धरलं.

आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मिस्त्रींनी गाडी बघितली.

"आक्का," मिस्त्री म्हणाले, "हा ब्रेक कुणी बांधून ठेवलाय?"

"ब्रेक कशाला बांधू? मी लिंबू बांधलंय."

"लिंबू ब्रेकला बांधलंय. ब्रेक दाबलेला असला तर गाडी सुरू कशी होईल? सोडा तो दोरा."

मग काय झालं?

मिस्त्रींनी बघितलं.
आक्कांनी सोडलं.
दोरा सुटला, सर्रर्र.
ब्रेक मागे आला, खट्ट.
मिस्त्रींनी मूठ पिळली.
कंट्रोलर बोलला, "हं, चला."
मोटर गरगरली, गर्रर्र.
चाक फिरलं, भिर्रर्र.
आणि फुटाणा? फुटाणा फुटला, टच्च.

फुटाण्याच्या झाल्या दोन डाळी. एक इकडे, एक तिकडे. अख्खा फुटाणा किती जड होता. डाळ कशी हलकी हलकी. राईने एक डाळ उचलली. घरी ठेवून आली. मग दुसरी उचलली.

जाता जाता तिला मिस्त्रींचा आवाज आला. मिस्त्री आक्कांना सांगत होते, "बघा. मी रोज येऊन बसत होतो, म्हणून सापडलं."

आक्कांनी कंट्रोलरवरचा खडू पदराने पुसून टाकला. मग ते लिंबू उचललं. त्या सात मिरच्या उचलल्या. मिस्त्रींचा पाना घेतला. त्याला दोरा बांधला. चांगला घट्ट.

"हे काय, आक्का?"

"असू द्या, मिस्त्री. गाडीला कुठे काय झालं होतं? दृष्ट तुमच्या पान्याला लागलीय. आठ दिवस झाले, हलतच नाही बिचारा."

राई हसली. एवढंसं हसली. आणि घरी गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

नऊ भावंडं, दहावी राई. कुणी नाही उपाशी.

फुटाणा गेला पोटात, गोष्ट राहिली ओठात.