पाटीवरचं जंगल

झाडं बोलत होती आणि लाकडं जाळून वीजही होत होती, त्या काळातली ही गोष्ट. एका माळावर वीजघरासाठी सुबाभळी लावल्या होत्या. दोन वर्षांत त्या तीन पुरुष उंच झाल्या.

एकदा थोरली सुबाभूळ झिपरी खारीला म्हणाली, "उद्या वनखात्याचे साहेब पाहणीला येतायत. तू आमच्या अंगाखांद्यावर खेळ, म्हणजे ते आम्हाला जंगल म्हणतील."

"पण तुमच्यावर खायला काय मिळणार?" झिपरीने विचारलं.

"आधी नाव तर लागू दे!"

पोटुशी झिपरी भुलली. साहेबांसमोर ती मनसोक्त बागडली आणि माळावर 'जंगल' अशी पाटी लागली. झिपरीने तिथेच घरटं बांधलं.

पिल्लं होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच करवती आल्या. सुबाभळी ऐटीत आडव्या झाल्या.

"रडतेस काय? आम्ही बुंध्यातून पुन्हा फुटू," थोरली म्हणाली. "दोन वर्षं थांब."

"अगं, पिल्लांचे अजून डोळेही उघडले नाहीत!"

एकेक पिल्लू तोंडात धरून झिपरीने बांधावरची म्हातारी जांभूळ गाठली. "आजी, ढोलीत जागा द्याल?"

"ये की," जांभूळ म्हणाली. "पण आधीच सांगते हो, कागदोपत्री मी झुडूप आहे."