बटण कुठंय?

सांगलीच्या एका वाचनालयात दुधगावकर बाई बारा जुने संगणक सांभाळत. त्यांवरची ऑपरेटिंग सिस्टीम मुक्त होती, म्हणजे तिचा कोड कुणालाही वाचता-बदलता येई. नको ती गोष्ट एका ओळीची आज्ञा टाइप करून बंद करता येई. मग नवी आवृत्ती आली, ती सोय गेली आणि वाचक टाइप करत असतानाच संगणक आपल्या मनाने बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले. बाईंनी तीन वर्षं तक्रारी लिहिल्या.

शेवटी ती सिस्टीम बनवणाऱ्या समितीचे प्रमुख निमकर तिथे भाषणाला आले. बाईंनी तोंडावर विचारलं, हे बंद कसं करायचं? ते हसले.

"सगळा कोड उघडा आहे, बाई. वाचा आणि बदला. आम्ही कुठं अडवलंय?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या मागच्या खोलीत गेल्या आणि निमकरांच्या डोक्यावरचा पंखा पूर्ण वेगात सोडून आल्या. भाषणाचे कागद सभागृहभर उडाले.

"अहो, बंद करा तो. बटण कुठंय?"

बाईंनी इमारतीच्या वायरिंगच्या नकाशांचा गठ्ठा त्यांच्यापुढे आदळला. "सगळं वायरिंग यात उघडं आहे, साहेब. वाचा आणि बंद करा. मी कुठं अडवलंय?"

"मला नकाशे नकोत," निमकर खेकसले, "साधं बटण हवंय."

"मग तीन वर्षं मी दुसरं काय मागतेय?"