ठुमली सुईण आणि लाल पाण्याची विहीर

फार फार वर्षांमागे, सातपुड्यात मोटारीचा रस्ता पोचला नव्हता तेव्हा, डोंगरावर ठुमली नावाची सुईण राहायची. तिचा हात पोटावरून फिरला की आतलं मूल आपणहून सरळ होई, असं म्हणतात. पण हात कुठे थांबवायचा हेही तिला कळायचं, आणि ते भल्याभल्यांना कळत नाही.

जेमली नावाची पोर पहिलटकरीण होती. दोन दिवस कळा देऊन थकली, मूल आडवं. ठुमली म्हणाली, "हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. झोळी बांधा." चौघांनी बांबूला झोळी बांधून पोरीला नऊ कोस खाली दवाखान्यात नेलं. ठुमली वाटभर तिचा हात धरून चालली.

दारात नर्सबाईनं ठुमलीला अडवलं. "सुईणीचं इथे काय काम? बाहेर बस." आणि आतून कडी घातली. डॉक्टरांनी पोट फाडून मूल काढलं, मूल जगलं. खोटं कशाला बोलू, ते काम त्यांनी चोख केलं. पुढे मात्र माती खाल्ली. जेमली आपल्या बोलीत सांगत राहिली, रक्त जातंय, रक्त जातंय. नर्सबाईला त्यातलं अक्षर कळेना. म्हणाली, "या डोंगरातल्या बाया उगाच बोंबलतात."

बाहेर ठुमलीला सगळं ऐकू येत होतं. दारावर मुठी आपटत ती तेच मोडक्या मराठीत ओरडत होती. कुणी ढुंकून पाहिलं नाही. अहो, तिचं तरी मराठी होतं ना! मग कान काय गहाण टाकले होते? शेवटी तिच्या संतापानं लोखंडी कडी वितळून खाली गळली, असं म्हणतात. ती आत शिरली तेव्हा जेमली गार पडली होती.

ठुमली रडली नाही. बाळाला पदरात घेऊन डोंगर चढली. त्या दिवसापासून दवाखान्याच्या विहिरीला लाल पाणी लागलं. पोहऱ्यात लाल, घागरीत लाल. आठव्या दिवशी मोठे डॉक्टर पायी वर आले आणि तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले.

"तुमच्या माफीनं माझी पोर उठणार आहे का?" ती म्हणाली. "खाली बसा. बोली शिका."

डॉक्टर बसले, नर्सबाईही बसली. त्यांना बोली येऊ लागली तेव्हा कुठे पाणी निवळलं, असं म्हणतात.

आजही तिथे बाळंतिणीबरोबर तिची सुईण आत जाते. नवी नर्स आली की आधी डोंगर चढते आणि ठुमलीचं नाव घेऊन सुईणींपुढे जमिनीवर बसते. पहिलं वाक्य शिकवतात ते 'रक्त जातंय'. ते नीट म्हणता येईपर्यंत बाया तिला उठू देत नाहीत.